इंग्रजी वाक्यातील उद्देश्य आणि विधेय कसे ओळखावे?

वाक्यात ज्याच्याविषयी काही सांगितलेले असते ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे सांगितलेले असते ते विधेय. इंग्रजीत यांना अनुक्रमे ‘सब्जेक्ट’ आणि ‘प्रेडिकेट’ म्हणतात. व्याख्या दोन्ही भाषांत सारखीच आहे. तथापि मराठीच्या सवयीने इंग्रजी वाक्याचे पृथक्करण केल्यास फसगत होते.

मराठीत क्रियापद नेहमीच कर्त्याप्रमाणे चालत नाही. ‘मुलीने आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापदाचे रूप आंब्यावरून ठरते. ‘मला दोन बहिणी आहेत’ येथे ‘आहेत’ हे रूप बहिणींना अनुसरते. इंग्रजीत मात्र ‘आय हॅव टू सिस्टर्स’ असे म्हणताना ‘हॅव’ हे ‘आय’ला अनुसरते. ‘आय’च्या जागी ‘शी’ येताच, बहिणी दोनच असूनही, ‘हॅव’चे ‘हॅज’ होते. इंग्रजी क्रियापद उद्देश्याशीच बांधलेले असते.

म्हणून प्रथम क्रियापद शोधावे आणि मग त्याला ‘कोण?’ किंवा ‘काय?’ असा प्रश्न विचारावा. ‘द ओल्ड फेरीबोट क्रॉसेस द रिव्हर एव्हरी मॉर्निंग’ या वाक्यात ‘क्रॉसेस’ हे क्रियापद आहे. नदी कोण ओलांडते? ‘द ओल्ड फेरीबोट’. हे संपूर्ण उद्देश्य होय. त्यातील ‘फेरीबोट’ हा मुख्य शब्द असून ‘द ओल्ड’ हा उद्देश्यविस्तार आहे. ‘क्रॉसेस’पासून पुढचा सर्व भाग विधेय.

पुढील ठिकाणी विशेष लक्ष द्यावे.

प्रश्नार्थक वाक्य : ‘इज युअर ब्रदर ॲट होम?’ याचे विधान करावे, ‘युअर ब्रदर इज ॲट होम’. म्हणजे ‘युअर ब्रदर’ हे उद्देश्य स्पष्ट होते.

आज्ञार्थी वाक्य : ‘क्लोज द डोअर’ यात ‘यू’ हे उद्देश्य अध्याहृत असते. दार हे कर्म आहे.

‘देअर’ने आरंभ : ‘देअर आर टू बुक्स ऑन द टेबल’ यात ‘देअर’ केवळ जागा भरतो. शालेय व्याकरणात ‘टू बुक्स’ हे उद्देश्य मानतात. ‘आर’ हे रूपही त्यावरूनच येते.

‘इट’ने आरंभ : ‘पाऊस पडत आहे’ यात पाऊस उद्देश्य आहे, ‘इट इज रेनिंग’ यात ते स्थान अर्थशून्य ‘इट’कडे जाते.

पॅसिव्ह व्हॉइस : ‘द लेटर वॉज रिटन बाय मीना’ यात लिहिणारी मीना असली, तरी उद्देश्य ‘द लेटर’ आहे.

या ओळखीचा उपयोग केवळ परीक्षेपुरता नाही. अर्जात ‘द सर्टिफिकेट्स ऑफ माय सन’ असे लिहिल्यावर लगतच्या एकवचनी ‘सन’मुळे पुढे ‘इज एनक्लोज्ड’ लिहिण्याचा मोह होतो. परंतु सोबत जोडली आहेत ती प्रमाणपत्रे, मुलगा नव्हे. म्हणून तेथे ‘आर एनक्लोज्ड’ हेच शुद्ध.