गाडी नवी, तरी क्लच प्लेट लवकर का जाते? ‘हाफ क्लच’चं गणित समजून घ्या

एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्या. एकीची क्लच प्लेट लाखभर किलोमीटर निवांत चालते. दुसरी २५-३० हजारांतच गॅरेजला लागते आणि हातात हजारोंचं बिल पडतं. वर ऐकायला मिळतं, “क्लच प्लेट वॉरंटीत बसत नाही.” मालकाला वाटतं, कंपनीनेच खराब पार्ट टाकला. सर्व्हिस सेंटर म्हणतं, गाडी नीट चालवली नाही. मग खरं काय?

बहुतेक वेळा या भांडणाचं उत्तर एका साध्या गोष्टीत असतं. क्लच किती वेळा दाबला, यावर प्लेटचं आयुष्य ठरत नाही. पेडल अर्धवट सोडलेलं असताना प्लेट एकूण किती वेळ आणि किती जोरात घासली, यावर ते ठरतं.

क्लच नेमकं काय करतो?

गाडी उभी असली तरी सुरू असलेलं इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेतच असतं. चाकांना मात्र सिग्नलला थांबावं लागतं. फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं यांना गरजेनुसार जोडण्याचं आणि तोडण्याचं काम क्लच करतो.

इंजिनला जोडलेली जड लोखंडी चकती म्हणजे फ्लायव्हील. तिच्यासमोर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर क्लच प्लेट बसवलेली असते. या प्लेटच्या दोन्ही बाजूंना ब्रेक लायनरसारखं घर्षण करणारं अस्तर असतं. मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या ताकदीने तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, स्प्रिंगचा दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते.

पेडल पूर्ण दाबलेलं असेल तर प्लेट सुटी असते, घर्षण जवळपास नसतं. पेडल पूर्ण सोडलेलं असेल तर फ्लायव्हील आणि प्लेट एकत्र फिरतात, तेव्हाही घर्षण नसतं. झीज होते ती मधल्या अवस्थेत. फ्लायव्हील जोरात फिरतंय, प्लेट हळू फिरतेय आणि दोन्ही एकमेकांवर घासताहेत, यालाच आपण ‘हाफ क्लच’ म्हणतो. धार लावणाऱ्याच्या फिरत्या चाकावर सुरी टेकवावी, तसंच हे. सुरी टेकलेली असेल तितका वेळ ती तापणार आणि झिजणारही.

गाडी जागेवरून हलवताना थोडा हाफ क्लच लागतोच, त्याशिवाय इंजिन बंद पडेल. प्रश्न आहे तो किती सेकंद, याचा.

उष्णतेचा हिशोब

सपाट रस्त्यावर गाडी उचलताना इंजिनने दिलेल्या ऊर्जेतली जवळपास निम्मी ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. हे कितीही चांगल्या ड्रायव्हरला चुकत नाही. पण पुढचं सगळं आपल्या पायात असतं.

इंजिन १,५०० फेऱ्यांवर ठेवून क्लच सोडला आणि दुसऱ्या वेळी ३,००० फेऱ्यांवर ठेवून सोडला, तर उष्णता दुप्पट नाही, सुमारे चौपट होते. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलली, तर ती साधारण तिप्पट होते. “डिझेल गाडी आहे, दुसऱ्या गिअरवर आरामात उठते,” असं म्हणणाऱ्यांची गाडी उठते हे खरं, पण त्याची किंमत प्लेट मोजते.

सगळ्यात महागात पडतं ते चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं. समजा माणसांसकट १,१०० किलोची हॅचबॅक दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर अशी धरली आहे. ती मागे येऊ नये म्हणून लागणारा जोर आणि इंजिनचे फेरे यांचा हिशोब मांडला, तर क्लचमध्ये सुमारे दोन किलोवॅट उष्णता तयार होत असते. म्हणजे घरातला गिझर सुरू केल्यासारखं. फरक इतकाच, की गिझरची उष्णता बादल्या भरून पाण्यात जाते. इथे ती जेवणाच्या ताटापेक्षाही लहान प्लेटमध्ये, बंद कप्प्यात कोंडते. गाडी तसूभरही पुढे जात नाही, त्यामुळे ही सगळी ऊर्जा फुकट जाते. लाँग वीकेंडला बोरघाटात किंवा वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते, तेव्हा येणारा जळका वास अनेकदा याचाच असतो.

प्लेट खाणाऱ्या सवयी

चढावर हाफ क्लचवर उभं राहणं ही पहिली. दुसरी सवय शहरातली. पुढची गाडी दोन फूट सरकली की आपणही दोन फूट सरकायचं, पुन्हा थांबायचं. या सरकण्यात क्लच कधीच पूर्ण सुटत नाही. एका तासाच्या कोंडीत अशी शंभर सरकणी झाली, तर प्लेटसाठी ती शंभर वेळा गाडी उचलण्यासारखीच असतात. महामार्गावर तेवढाच वेळ गाडी टॉप गिअरला धावली असती, तर झीज जवळपास शून्य असती. म्हणून नुसत्या किलोमीटरवरून क्लचचं वय काढता येत नाही.

तिसरी सवय म्हणजे चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकवून ठेवणं. पायाच्या वजनाने प्रेशर प्लेटचा दाब किंचित कमी होऊ शकतो आणि जोर लागताच प्लेट सरकते. रिलीज बेअरिंगही विनाकारण सतत फिरत राहतं.

चौथी, सोसायटीच्या बेसमेंटमधून रॅम्पवर गाडी रिव्हर्स घेताना इंजिनला भरपूर रेस देऊन क्लचवर खेळवणं. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि सामान भरून घाट चढणं किंवा दुसरी गाडी ओढणं, हेही याच यादीत येतं.

आणि सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून उभं राहणं? त्याने प्लेट झिजत नाही, पण रिलीज बेअरिंगवर ताण येतो. लाल दिवा मोठा असेल तर न्यूट्रल करून पाय काढून घेणं चांगलं.

प्रत्येक वेळी दोष ड्रायव्हरचाच असतो का?

नाही. केबलच्या क्लचमध्ये केबल जास्त ताणली गेली असेल, तर पाय न लावताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि प्लेट सरकते. अशा गाड्यांमध्ये पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल लागते. ती किती असावी हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. हायड्रॉलिक क्लचमध्ये सिलिंडर बिघडला, तर पेडल सोडूनही दाब पूर्ण सुटत नाही.

इंजिनच्या मागच्या बाजूचं ऑइल सील गळत असेल, तर तेल प्लेटवर येतं. तेलकट प्लेट कितीही नवी असली तरी पकड धरत नाही. सील न बदलता नवी प्लेट टाकली, तर काही महिन्यांत पुन्हा तोच खर्च समोर येतो.

क्लच जातोय हे कसं ओळखायचं?

सगळ्यात पक्कं लक्षण म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचे फेरे वाढतात, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. हे आधी चढावर, भरल्या गाडीत आणि वरच्या गिअरमध्ये जाणवतं. पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलू लागणं, पिकअप आणि ॲव्हरेज कमी होणं, गाडी उचलताना थरथरणं, वारंवार जळका वास येणं ही इतर लक्षणं.

गिअर टाकताना खरखर होत असेल किंवा गिअर अडत असेल, तर मात्र प्लेट संपलीच असं नसतं. तेव्हा बहुधा क्लच पूर्ण सुटत नसतो. कारण केबल, हायड्रॉलिक ऑइल किंवा सिलिंडर यांपैकी काही असू शकतं, आणि ते काम बरंच स्वस्तात होतं. अशा वेळी थेट पूर्ण क्लच सेट बदलायला सांगितलं, तर आधी या गोष्टी तपासून घ्यायला सांगावं.

जुनी गाडी घेताना एक चाचणी उपयोगी पडते. मोकळ्या, सपाट जागेत, समोर कोणी नसताना हँडब्रेक ओढा, ब्रेकही दाबून ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच ठीक असेल तर इंजिन लगेच बंद पडेल. पेडल पूर्ण सोडूनही इंजिन सुरूच राहिलं, तर प्लेट सरकते आहे. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हापुन्हा केली तर चाचणीच प्लेट खाते.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरी मोठी असते. म्हणूनच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलतात. काही डिझेल गाड्यांमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील असतं. तेही बदलावं लागलं तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

काढलेली प्लेट बघायला मागा. ती बरंच काही सांगते. अस्तर सगळीकडे सारखं झिजून रिव्हेटपर्यंत आलं असेल, तर प्लेट आपलं आयुष्य जगून संपली आहे. फ्लायव्हीलवर किंवा प्रेशर प्लेटवर निळसर डाग आणि बारीक तडे असतील, तर क्लच खूप तापला होता. प्लेट तेलकट असेल, तर आधी गळती शोधायला हवी.

वॉरंटीत सहसा झिजणारे भाग धरत नाहीत, मात्र उत्पादनातला दोष धरतात. त्यामुळे गाडी नवी असताना प्लेट गेली, तर ‘झिजली’ एवढ्यावर समाधान मानू नका. नेमकं कारण जॉब कार्डवर लिहून मागा आणि काढलेल्या भागांचे फोटो ठेवा. वाद झाला तर हेच उपयोगी पडतं.

क्लच टिकवण्यासाठी काय करायचं?

चढावर थांबल्यावर गाडी ब्रेकवर धरा. निघताना हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिनचा आवाज जड झाला आणि गाडीचं नाक किंचित उचललं की थोडा ॲक्सिलरेटर द्या, हँडब्रेक सोडा आणि गाडी चालू लागताच क्लच पूर्ण सोडा. ज्या गाड्यांत हिल होल्ड असिस्ट आहे, त्यांत ब्रेकवरून पाय काढल्यावरही गाडी साधारण दोन सेकंद धरून ठेवली जाते. निघायला तेवढे पुरतात.

कोंडीत पुढे एक-दोन गाड्यांचं अंतर पडू द्या. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी रांगू द्या. ॲक्सिलरेटर न देताही ती साधारण ताशी ६-७ किलोमीटरने चालते आणि प्लेट घासत नाही. मधे एखादी रिक्षा घुसेल, पण ती क्लच सेटपेक्षा स्वस्त पडते.

घाटात जळका वास आला आणि गाडी ओढेनाशी झाली, तर पुढे रेटू नका. अशा वेळी गाडी मध्येच थांबली तर मागे एसटी किंवा भरलेला ट्रक असू शकतो. सुरक्षित जागी बाजूला घ्या, हझार्ड लाइट लावा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. क्लच बंद कप्प्यात असतो, त्यामुळे बाहेरून पाणी ओतून उपयोग नाही. आणि क्लच वाचवायचा म्हणून उतारावर न्यूट्रल करू नका. इंजिनचा अडसर निघून जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

एएमटी गाडी घेतली म्हणजे सुटका होते का? २०१४ मध्ये मारुती सुझुकी सेलेरिओतून एएमटी भारतात लोकांपर्यंत पोहोचली, तेव्हापासून हा गैरसमज आहे. एएमटीत पेडल नसतं, पण प्लेट तीच असते. पाय करायचा ते काम मशीन करतं. त्यामुळे चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली, तर ती प्लेटही तशीच जळते. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये उचलताना घासणारी अशी प्लेट नसते.

नवा क्लच बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी सौम्य चालवा, म्हणजे अस्तर फ्लायव्हीलवर नीट बसतं. त्यानंतर तो किती टिकणार, हे प्रत्येक वेळी हाफ क्लचवर जाणाऱ्या त्या दोन-चार सेकंदांवर अवलंबून असतं.