अंबाजोगाई, परळी, धारूर : बालाघाटावरचे तीन शेजारी

बीड जिल्ह्याचं नाव निघालं की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, दुष्काळ आणि ऊसतोड. दोन्ही खऱ्या आहेत, पण जिल्हा तेवढ्यावर संपत नाही. जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व बाजूला बालाघाटाच्या रांगेवर आणि तिच्या कडेला तीन गावं जवळजवळ वसलेली आहेत : अंबाजोगाई, परळी आणि धारूर. सकाळी एकीकडून निघालेला माणूस तिन्ही गावांतली कामं उरकून संध्याकाळी घरी परत येतो. सोयरीक आपसात होते, दुकानदारांची उधारी आपसात चालते, पाणीही बऱ्याच अंशी एकाच धरणाचं. तरीही तिघांचा स्वभाव वेगळा आहे. एक शाळा-दवाखान्याचं गाव, एक रेल्वे आणि राखेचं, एक किल्ल्याचं. आमच्या वर्गातल्या मुलांना ही गावं मामाचं गाव किंवा आत्याचं गाव म्हणून माहीत असतात, त्यांचा इतिहास मात्र फार कमी जणांना ठाऊक असतो. म्हणून हा लेख.

मोमिनाबाद ऊर्फ अंबाजोगाई

जयंती नदीच्या काठचं हे गाव तिघांत सर्वांत जुन्या वस्तीचं. आम्रपूर, जयंतीनगर, जोगाईचे आंबे अशी नावं जुन्या लिखाणात सापडतात. यादवांच्या काळात, तेराव्या शतकात, सिंघण राजाचा सेनापती खोलेश्वर याचा इथे अंमल होता. त्याच्या नावाचं मंदिर आणि त्या काळचे शिलालेख आजही गावात आहेत. गावाजवळच डोंगरात कोरलेली लेणी आहेत, त्यांना लोक हत्तीखाना म्हणतात. योगेश्वरी देवी कोकणस्थांची कुलदेवता, त्यामुळे पुण्या-कोकणातली घराणी शेकडो किलोमीटरवरून इथे येतात.

मराठी भाषेच्या इतिहासात या गावाला मोठा मान आहे. आद्यकवी म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या मुकुंदराजांची समाधी इथे मानतात. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा, असं परंपरा सांगते. त्यांच्यानंतर सुमारे चार शतकांनी दासोपंत (१५५१ ते १६१५) इथेच राहिले आणि इथेच वारले. ते मूळचे बीदरच्या बरीदशाही मुलखातल्या नारायणपेठचे. कागद पुरेना म्हणून म्हणा की हौस म्हणून, त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर 'पंचीकरण' लिहून काढलं. तीच प्रसिद्ध पासोडी. मुलांना आम्ही हे सांगतो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "सर, एवढं मोठं कापड धुतलं तर?" प्रश्न गमतीचा आहे, पण जुनं लिखाण जपायचं कसं, हाच तो प्रश्न. त्याच्याकडे शेवटी येऊच.

निजामाच्या राज्यात गावाचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं. मोमिन म्हणजे ईमान राखणारा. हैदराबाद कंटिन्जन्ट या फौजेच्या घोडदळाची छावणी इथे होती. छावणी आली की सदर बाजार येतो, घोड्यांचे चाकर, नालबंद, शिंपी, कसाई, भिश्ती, बावर्ची येतात. अंबाजोगाईतल्या बऱ्याच मुस्लिम मोहल्ल्यांची वस्ती त्या काळात वाढली. १९०३ मध्ये कंटिन्जन्ट इंग्रजांच्या भारतीय फौजेत विलीन झाली. फौज गेली, पण तिच्या मागे आलेली माणसं राहिली. मंडी बाजार, सदर बाजार ही नावं आजही तोंडात आहेत.

शिक्षणाचं गाव ही ओळख नंतरची. १९३५ च्या सुमारास योगेश्वरी नूतन विद्यालय सुरू झालं आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. पुढे तेच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. त्यांच्याच नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात इथे उभं राहिलं. आज बीडच नव्हे, आसपासच्या जिल्ह्यांतले रुग्णही इथे येतात. धारूरच्या घाटात अपघात झाला, परळीत कोणी भाजलं, की घरच्यांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, "आंब्याला न्या."

वेगळ्या जिल्ह्याची मागणीही इथली जुनी. जिल्हा अजून झाला नाही, पण गाड्यांचा नंबर वेगळा मिळाला. बीडची गाडी एमएच २३, अंबाजोगाईची एमएच ४४. चहाच्या टपरीवर या दोन आकड्यांवरून होणारी थट्टा ज्यांनी ऐकली असेल, त्यांना शेजाऱ्यांचा हेवा-प्रेम काय असतं ते वेगळं सांगायला नको.

परळी : देऊळ, रूळ आणि राख

परळी वैजनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, अशी हिंदू बांधवांची श्रद्धा. टेकडीवरच्या या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला. यात्रेचं गाव म्हटलं की बाजारपेठ आली. फुलं, बांगड्या, प्रसादाचं साहित्य, टोप्या, भांडी हे सगळं विकणाऱ्यांत मुस्लिम दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. श्रावण सोमवार हा त्यांच्याही कमाईचा दिवस.

पण परळीचा खरा वेगळेपणा रेल्वेत आहे. निजामाच्या रेल्वेने परळीला एकीकडे परभणीशी आणि दुसरीकडे बीदर-विकाराबादमार्गे थेट हैदराबादशी जोडलं. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बीड शहराला मात्र रेल्वे मिळायला २०२५ साल उजाडावं लागलं. अहिल्यानगर ते आष्टी ही गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी ती बीडपर्यंत पोहोचली. पुढे हाच मार्ग परळीला जोडायचा आहे. तोवर जिल्ह्यातल्या माणसाला रेल्वेने हैदराबादला जायचं तर परळी, नाहीतर अंबाजोगाई तालुक्यातलं घाटनांदूर. त्यामुळे परळीच्या घरांमध्ये हैदराबादचं येणं-जाणं जास्त. लग्नात बिर्याणीचा हातही तिकडचाच, आणि बोलण्यात "हौ" आणि "नक्को"ही. गंमत अशी की हे "नक्को" दखनीने मराठीच्या "नको"वरून घेतलं. म्हणजे हैदराबादेत गेलेला आपलाच शब्द रेल्वेने पुन्हा घरी आला, असंही म्हणता येईल.

१९७१ मध्ये परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. गावाला नोकऱ्या मिळाल्या, कॉलनी आली, कंत्राटी कामं आली. सोबत राखही आली. त्याच राखेवर पुढे विटांचा धंदा वाढला, ट्रक वाढले आणि खोकलाही वाढला. औष्णिक केंद्राला कोळशाइतकंच पाणी लागतं हे परळीने फार कडू अनुभवातून शिकलं. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावं लागलं. जुने संच आता इतिहासजमा झाले. वडील केंद्रात कायम नोकरीला आणि मुलगा तिथेच ठेकेदाराकडे रोजावर, असं चित्र गावातल्या कितीतरी घरांत दिसेल.

किल्ले धारूर

धारूर तिघांत लहान, पण एकेकाळी सर्वांत महत्त्वाचं. कारण भूगोल. इथून घाट उतरला की तेलगाव-माजलगावचा सखल मुलूख आणि पुढे गोदावरी. वर पठार, खाली खोरं आणि मधल्या वाटेवर धारूर. त्यात विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही आणि बीदरची बरीदशाही या तिघांच्या सीमा या बाजूला एकमेकींना भिडत होत्या.

१५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला. दोस्ती मात्र टिकली नाही. दोनच वर्षांनी, १५६७ मध्ये, आदिलशाहीचा सरदार किश्वर खान याने धारूरला किल्ला बांधला. हा किल्ला म्हणजे अहमदनगरच्या छातीवरच ठेवलेला हात. मुर्तझा निजामशाहाने त्याच्यावर चाल केली, लढाईत किश्वर खान मारला गेला आणि किल्ला निजामशाहीकडे आला. पुढे १६३१ मध्ये शाहजहानच्या फौजेने आझम खानाच्या हाताखाली तो जिंकला. ते वर्ष दख्खनच्या भयंकर दुष्काळाचं होतं, हेही लक्षात ठेवावं. मोगलांच्या काळात धारूरला फतेहाबाद असंही नाव मिळालं.

आमच्या मुलांना हा इतिहास शिकवताना एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. या किल्ल्यासाठी लढलेले, मेलेले दोन्हीकडचे सुलतान मुसलमान होते, आणि दोन्हीकडच्या फौजांत मराठे सरदार होते. लढाई मुलखाची होती, महसुलाची होती. आजचं भांडण चारशे वर्षांमागे नेऊन बसवलं की दोन्ही गोष्टी कळेनाशा होतात, कालही आणि आजही.

किल्ल्यावर तटबंदी, बुरूज, पाण्याचे हौद आणि फारसी शिलालेख आहेत. डोंगरात सीताफळ भरपूर. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि धारूरच्या टोपल्यांचा त्यात वाटा आहे. हंगाम संपतो न संपतो तोच दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मग शाळेचा पट कागदावर तेवढाच राहतो, बाकं मात्र रिकामी होतात. धारूरच्या शिक्षकाला हे सांगावं लागत नाही.

एकच घागर

या तीन गावांची गाठ पाण्याने बांधलेली आहे. मांजरा नदी याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटावर उगम पावते. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे. अंबाजोगाई, केज, धारूर आणि शेजारचं लातूर, सगळ्यांचे डोळे या धरणाकडे. परळीचा भार वाण नदीवरच्या नागापूर प्रकल्पावर. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा आटली आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा सगळ्या देशाने बातमी पाहिली. आपल्याकडे मात्र टँकरच्या रांगेत अंबाजोगाईचा वकील आणि धारूरचा हमाल सारखेच उभे होते.

१९४८ आणि त्यानंतरची कागदपत्रं

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. त्या दिवसांच्या आधी रझाकारांनी आणि नंतर सूडाने पेटलेल्या लोकांनी जे केलं, त्यात दोन्ही समाजांच्या निरपराध घरांनी सोसलं. म्हातारी माणसं त्याबद्दल कमी बोलत. त्यांच्या गप्प बसण्यामागे कडवटपणा कमी होता, रोज त्याच शेजाऱ्याचं तोंड पाहायचं आहे याची जाण जास्त होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. दफ्तराची भाषा उर्दूची मराठी झाली. मोमिनाबादचं अंबाजोगाई झालं.

इथेच आजच्या पिढीचा प्रश्न उभा राहतो. बागवान, तांबोळी, कुरेशी, अत्तार, पिंजारी अशा बिरादऱ्यांच्या मुलांना जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तो पुरावा अनेकदा आजोबांच्या शाळेच्या नोंदीत असतो. नोंद उर्दूत, गावाचं नाव मोमिनाबाद, तारीख फसली सनाची. नातवाला यातलं एकही वाचता येत नाही. इनाम जमिनीचे मुंतखब, दर्गा-मशिदीच्या सनदा, खरेदीखतं यांचीही तीच गत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची अचानक गरज पडली. सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द घराघरात गेला. म्हणजे जुनं उर्दू दफ्तर एकट्या मुसलमानांच्या कामाचं नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला त्याची गरज लागू शकते.

म्हणून काही कामाच्या गोष्टी :

पहिली, फसली सन. निजामी दफ्तरात वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला 'आझर' महिन्याने सुरू होतं. मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी असे महिने येतात. डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला फसली सनात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. आझर १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ आणि त्याच सनाचा मार्च म्हणजे १९४८.

दुसरी, कागद लॅमिनेशन करू नका. उष्णतेने आणि प्लास्टिकने जुना कागद कायमचा खराब होतो. कोरड्या जागी, सुती कापडात सपाट ठेवा आणि उजेडात दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. दासोपंतांची पासोडी चारशे वर्षं टिकली ती जपल्यामुळे.

तिसरी, घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर मोहल्ल्याचं जुनं नाव, आजोबांचं पूर्ण नाव, त्यांची शाळा आणि धंदा आजच लिहून घ्या. कार्यालयात नोंद शोधायला जाताना हीच माहिती विचारली जाते.

चौथी, घरातल्या एका तरी मुलाला उर्दू वाचता यावं आणि त्याच मुलाचं मराठी पक्कं असावं. एकच भाषा असलेला माणूस या दफ्तरासमोर अर्धा निरक्षर ठरतो.

या रजेत मुलांना मामाच्या गावी नेणार असाल तर वाट थोडी वाकडी करा. धारूरच्या किल्ल्यावरचा फारसी लेख दाखवा, अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी दाखवा, परळीच्या स्टेशनवर हैदराबादची गाडी दाखवा. तिन्ही आपलीच आहेत आणि तिन्ही एका दिवसात होतात.