आवाज, शाप आणि योगायोग : बॉस्टनच्या पाठीराख्यांची शंभर वर्षे

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा साखळी हंगाम जवळजवळ सहा महिने चालतो आणि त्यात प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, त्यामुळे एखाद्या दिवसाची चूक किंवा नशिबाने दिलेली साथ त्या मोठ्या संख्येत बहुतांशी विरून जाते. ऑक्टोबरात मात्र हा हिशेब मोडतो. ‘प्लेऑफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाद फेऱ्यांत संघ मोजक्या सामन्यांच्या मालिका खेळतात, सहा महिन्यांची कमाई एका उसळलेल्या चेंडूवर गमावू शकतात, आणि जे योगायोगाने घडले त्याला काही कारण असलेच पाहिजे, असे पाठीराख्यांना वाटू लागते. बॉस्टन शहरातील रेड सॉक्स या संघाच्या पाठीराख्यांनी विसाव्या शतकात अशी दोन कारणे मानली : आरंभी स्वतःचा आवाज आणि उत्तरार्धात एक शाप. या दोन समजुतींच्या इतिहासातून खेळाचे नियम आणि प्रेक्षकांचे स्थान कसे बदलत गेले, हेही दिसते.

1876 मध्ये स्थापन झालेली नॅशनल लीग आणि 1901 पासून तिच्या बरोबरीचा दर्जा सांगणारी अमेरिकन लीग या दोन प्रतिस्पर्धी संघटनांच्या विजेत्यांत 1903 साली पहिली आधुनिक ‘वर्ल्ड सिरीज’ खेळली गेली. नऊपैकी पाच सामने जिंकणाऱ्यास विजेता मानण्याच्या या मालिकेत पिट्सबर्गने बॉस्टनवर 3-1 अशी आघाडी घेतली होती. ‘रॉयल रूटर्स’ म्हणवून घेणारा बॉस्टनच्या पाठीराख्यांचा जथा संघाबरोबर पिट्सबर्गपर्यंत गेला होता. त्याचा म्होरक्या मायकेल मॅग्रीव्ही हा मद्यालयाचा मालक होता. घरी परतण्यापूर्वीचा शेवटचा थांबा म्हणून त्याने आपल्या मद्यालयाचे नाव ‘थर्ड बेस’ ठेवले होते, कारण बेसबॉलमध्ये धावपटू तिसऱ्या बेसवरूनच ‘होम’कडे, म्हणजे घराकडे वळतो. या जथ्याने ‘टेसी’ हे रंगभूमीवरील त्या काळचे लोकप्रिय गाणे निवडले, त्याचे शब्द बदलून त्यात पिट्सबर्गचा नामांकित खेळाडू होनस वॅग्नर याची टवाळी भरली आणि बँडच्या साथीने ते पुन्हा पुन्हा गाऊन प्रतिपक्षाला हैराण केले. त्यानंतरचे चारही सामने बॉस्टनने जिंकले आणि या विजयात गाण्याचा वाटा होता, अशी समज रूढ झाली.

या समजुतीला त्या काळच्या मैदानाच्या रचनेतही आधार होता. आसने भरल्यावर उरलेले प्रेक्षक मैदानाच्या कडेला दोरीमागे उभे केले जात आणि टोलावलेला चेंडू त्या गर्दीत शिरला, तर किती बेस द्यायचे हे आधी ठरवून घेतले जाई. त्यामुळे गर्दी कोठे आणि किती दाटीने उभी आहे, याचा धावसंख्येवर खराखुरा परिणाम होत असे. तरीही 1903 च्या निकालाचे मुख्य कारण दुसरीकडेच होते. बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणारा ‘पिचर’ दमला की संघ दमतो, आणि पिट्सबर्गचे दोन प्रमुख पिचर दुखापत व आजारपण यांमुळे निकामी झाल्याने डीकन फिलिपी या एकट्याच्या हाताला आठपैकी पाच सामन्यांचे ओझे पेलावे लागले. पहिले तीन त्याने जिंकले आणि शेवटचे दोन गमावले. बॉस्टनकडे मात्र बिल डिनीन आणि साय यंग असे दोन समर्थ पिचर आळीपाळीने उभे होते.

प्रेक्षक आणि खेळ यांच्यातील ही दोरी 1912 मध्ये कायमची ताणली गेली. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘फेनवे पार्क’ हे नवे मैदान सुरू झाले आणि ऑक्टोबरात तेथे न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धची वर्ल्ड सिरीज रंगली. 15 ऑक्टोबर रोजी रॉयल रूटर्स नेहमीप्रमाणे बँड वाजवीत मैदानात आले, तेव्हा त्यांच्या राखीव जागा व्यवस्थापनाने इतरांना विकून टाकल्याचे त्यांना आढळले. त्यांनी मैदान सोडण्यास नकार दिला आणि शेवटी घोडेस्वार पोलिसांनी त्यांना मागे रेटले. त्या दिवशी 32 हजारांहून अधिक प्रेक्षक होते, तर दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक सामन्याला, रूटर्सच्या रागाचे सावट असताना, सुमारे 17 हजारच आले. बॉस्टनने तो सामना दहाव्या डावात 3-2 असा जिंकला. निम्मे रिकामे मैदान असतानाही विजेतेपद मिळाल्याने पाठीराख्यांच्या आवाजावरचा विश्वास तत्त्वतः तेथेच खोटा ठरायला हवा होता. पण तसे घडले नाही.

1918 पर्यंत बॉस्टनने पाच वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली होती. 1919 च्या अखेरीस मालक हॅरी फ्रेझी याने बेब रूथ हा असामान्य खेळाडू न्यूयॉर्क यँकीज संघाला विकला, आणि त्यानंतर 2004 पर्यंत बॉस्टनला विजेतेपद लाभले नाही. या दुष्काळाला ‘बॅम्बिनोचा शाप’ म्हणण्याची रीत, ‘बॅम्बिनो’ हे रूथचे टोपणनाव असले तरी, मुख्यतः 1990 मध्ये डॅन शॉनेसी या पत्रकाराच्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे रूढ झाली. म्हणजे सत्तर वर्षांच्या पराभवांना हे स्पष्टीकरण मागाहून चिकटवले गेले. शापाच्या कथेत संघाच्या कारभाराला जाब द्यावा लागत नाही, हे तिचे मोठेच आकर्षण होते. त्या कारभाराचे एक उदाहरण म्हणजे, एप्रिल 1945 मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूची फेनवेवर चाचणी घेण्यात आली, पण त्याला करारबद्ध करण्यात आले नाही. 1947 मध्ये त्याने ब्रुकलिनच्या संघातून खेळून वर्णभेदाची भिंत पाडली, तर रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पंप्सी ग्रीन, 1959 साली मैदानात उतरवला आणि मोठ्या लीगमधील सर्व संघांत हा क्रम अखेरचा होता.

शापाच्या कथेला सर्वांत मोठे बळ 25 ऑक्टोबर 1986 च्या सामन्याने दिले. न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या या सहाव्या सामन्यात दहाव्या डावात बॉस्टन 5-3 असे पुढे होते, दोन खेळाडू बाद झाले होते, बेसवर कोणी नव्हते आणि विजेतेपदासाठी फक्त एक बळी हवा होता. पुढे तीन फटक्यांवर एक धाव निघाली, एका भरकटलेल्या फेकीवर बरोबरी झाली आणि मग मूकी विल्सनचा सरपटी फटका पहिल्या बेसवरील बिल बकनर याच्या पायांमधून निसटला. धावफलकाची नोंद ठेवण्याची पद्धत ज्याने रुजवली, तो इंग्लंडात जन्मलेला हेन्री चॅडविक क्रिकेटचाही वार्ताहर होता. त्याच परंपरेतून आलेल्या प्रेक्षकांच्या स्कोअरकार्डवर क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात आणि त्या चेंडूची नोंद ‘ई3’ अशी, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या क्षेत्ररक्षकाची चूक, एवढीच होते. त्या दोन चिन्हांनी आधीची सारी पडझड झाकून टाकली, आणि सातवा सामना शिल्लक होता व तोही बॉस्टनने 8-5 असा गमावला, हे लोकस्मृतीतून जवळजवळ पुसले गेले.

2004 मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत यँकीजनी पहिले तीन सामने जिंकले, त्यांपैकी तिसरा 19-8 असा. चौथ्या सामन्याच्या नवव्या डावात एका धावेने मागे असलेल्या बॉस्टनच्या केव्हिन मिलारला पिचर मारियानो रिव्हेराकडून ‘वॉक’, म्हणजे चार वाईट फेकींबद्दल फुकट मिळणारा बेस, मिळाला; त्याच्या जागी धावण्यासाठी आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने, साऱ्या मैदानाला त्याचा इरादा ठाऊक असतानाही, दुसरा बेस ‘चोरला’ आणि बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी पोचला. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने सामना जिंकला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. बॉस्टनने पुढील तीन सामने आणि नंतर सेंट लुईसविरुद्धची वर्ल्ड सिरीज 4-0 अशी जिंकली. 3-0 ने मागे पडून मालिका जिंकणारा मेजर लीगमधील हा पहिलाच संघ होता, आणि त्या दिवसांत बॉस्टनच्या परिसरातील दफनभूमींत अनेक कुटुंबांनी आपल्या दिवंगत आप्तांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या व ध्वज ठेवले.

शाप फिटला, असे त्या वेळी सर्वत्र लिहिले गेले. परंतु गटविजेते नसलेल्या उत्तम संघाला प्लेऑफमध्ये शिरकाव देणारा, 1995 पासून अमलात असलेला ‘वाइल्ड कार्ड’ नियम या विजयाचा खरा पाया होता. त्या हंगामात यँकीजनी 101 आणि बॉस्टनने 98 साखळी सामने जिंकले होते. 1903 ची पद्धत चालू असती, तर यँकीज थेट वर्ल्ड सिरीजला गेले असते आणि रॉबर्ट्सला चोरण्यासाठी बेसच उरला नसता.