घर बघायला गेल्यावर तिथलं बाथरूम वापरावं का? विचारायचं कसं आणि तपासायचं काय?

समजा, तुम्ही नागपूरहून सकाळी निघालात. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला एक घर विकायचं आहे असं कळलंय. सोबत सत्तरीची आई आहे, बायको आहे, सहा वर्षांचा मुलगा आहे. दीड-दोन तासांचा प्रवास झालाय. मालकांनी पाणी दिलं, खोल्या दाखवायला सुरुवात केली आणि आईने हळूच सांगितलं, "मला बाथरूमला जायचंय."

आता काय करायचं? घर अजून आपलं नाही. समोरचे लोक ओळखीचे नाहीत. विचारलं तर त्यांना काय वाटेल? नाही विचारलं तर आईने परतीचा प्रवास कसा करायचा? बहुतेक जण अशा वेळी गप्प बसतात, आणि मग संडास-बाथरूमकडे दारातूनच नजर टाकून "ठीक आहे" म्हणतात. हाच संकोच पुढे महागात पडू शकतो. कसा, ते पाहू.

थोडक्यात उत्तर

हो, वापरता येतं, पण विचारून. गरज असेल तर मालकाला स्पष्ट विचारा, पाणी आहे का याची खात्री करा आणि वापरून झाल्यावर जागा होती तशी ठेवा. मात्र वापरणं आणि तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींसाठी वेगवेगळं विचारा. पहिली तुमची गरज आहे. दुसरी तर घर घेणाऱ्याने करायलाच हवी.

विचारायला एवढं अवघड का वाटतं?

शहरातल्या फ्लॅटमध्ये बाथरूम हॉलजवळ असतं. गावातल्या घरांत तसं असेलच असं नाही. अनेक जुन्या घरांत न्हाणी स्वयंपाकघराला लागून असते आणि संडास मागच्या अंगणात, वेगळा बांधलेला असतो. त्यामुळे संडासला जायचं म्हणजे पाहुण्याने चुलीजवळून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून, घरातल्या बायकांच्या कामाच्या जागेतून जायचं. विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही अवघड वाटतं ते यामुळे.

गावांत घरोघरी संडास असणं ही तशी अलीकडची गोष्ट आहे. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झालं आणि पात्र ग्रामीण कुटुंबांना शौचालयासाठी १२ हजार रुपयांचं प्रोत्साहनपर अनुदान मिळू लागलं. त्या काळात बांधलेले बरेच संडास घरापासून सुटे, मागच्या बाजूला आहेत. आपलं बांधकाम साधं आहे, पाहुण्याला कसं दाखवायचं, असा संकोच मालकालाही असू शकतो, हे लक्षात ठेवा.

कुणाला आणि कसं विचारायचं?

• घरात मालक राहत असतील तर त्यांनाच विचारा. सोबत दलाल असला तरी परवानगी घरच्यांची लागते. दलालाने परस्पर "जा, जा" म्हणणं पुरेसं नाही.

• घरात काकू किंवा ताई असतील तर बायकांनी त्यांना विचारणं सोपं जातं. "काकू, लांबून आलोय, आईला बाथरूमला जायचंय. चालेल का?" एवढं पुरे. कारणांची यादी सांगायची गरज नाही.

• लगेच आत शिरू नका. घरच्यांना दोन मिनिटं द्या. कपडे उचलायचे असतील, बादली भरायची असेल.

• "पाणी आहे ना?" हे आधी विचारा. नळ ठरावीक वेळेलाच येत असेल आणि वीज नसल्याने मोटर बंद असेल, तर बादलीतलं पाणी हाच आधार असतो.

• चपलेबद्दलही विचारा. काही घरांत संडासची चप्पल वेगळी ठेवलेली असते.

• घरात भाडेकरू राहत असेल तर परवानगी त्याची घ्या. घर मालकाचं असलं तरी तिथला संसार भाडेकरूचा आहे.

सोबत लहान मुलं, गरोदर बाई, मधुमेह असलेली किंवा वयस्कर व्यक्ती असेल तर निघण्याआधी फोनवरच सांगून ठेवा. घरात शिरायच्या आधी एसटी स्टँडवर, पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात जाऊन आलात तर उत्तमच. पण गरज असताना दिवसभर लघवी रोखून धरू नका. ती सवय झाली तर मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो.

कुठे वापरायचंच नाही?

काही ठिकाणी विचारूनही उपयोग नसतो.

• सॅम्पल फ्लॅट : बिल्डरच्या नमुना घरातला कमोड बऱ्याचदा फक्त दाखवण्यापुरता बसवलेला असतो. त्याला पाण्याचा पाइपही नसतो आणि ड्रेनेजही नसतं. साइट ऑफिसचं स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारा.

• बांधकाम सुरू असलेलं घर : भांडं बसलेलं दिसतं, पण खालची लाइन टाक्याला जोडलेली असेलच असं नाही.

• बरेच महिने बंद असलेलं घर : वरची टाकी रिकामी असू शकते. आधी नळ उघडून पाहा. पाणी येत नसेल तर वापरू नका.

ही अडचण फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या थंड भागांत रिकाम्या घरांचे पाइप गोठून फुटू नयेत म्हणून हिवाळ्यात त्यांतलं पाणी काढून टाकतात आणि कमोडवर "वापरू नका" अशी चिठ्ठी चिकटवतात. आपल्याकडे अशी चिठ्ठी नसते, म्हणून तोंडाने विचारायचं.

वापरल्यानंतर

फ्लश करा किंवा पुरेसं पाणी ओता. बादली अर्धी केली असेल तर नळाला पाणी असल्यास पुन्हा भरून ठेवा. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स भांड्यात टाकू नका. कागदात गुंडाळून सोबत न्या. घरच्यांचा टॉवेल आणि साबण न विचारता वापरू नका. कपाट, औषधांचा डबा, शेल्फ यांना हात लावायचा नाही. फोटो काढायचा असेल तर वेगळं विचारा.

काही बिघडलं, फ्लशचं बटण अडकलं, तोटी हातात आली, पाणी तुंबलं, तर गुपचूप बाहेर येऊ नका. लगेच सांगा. "भाऊ, फ्लशचं पाणी थांबत नाहीये" असं सांगण्यात कमीपणा नाही. उलट ते आधीपासून बिघडलेलं होतं का, हेही तिथेच कळतं.

तपासणं का गरजेचं आहे?

इथे कायदा समजून घ्यायला हवा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला माहीत नसलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगायला हवा. पण ही जबाबदारी अशा दोषांपुरती आहे, जे खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही सापडले नसते. म्हणजे नळ उघडून किंवा भिंतीकडे नीट पाहून जो दोष सहज दिसला असता, त्यासाठी नंतर तक्रार करणं कठीण जातं.

नव्या इमारतीत थोडा आधार आहे. रेराच्या कलम १४ नुसार बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. पण गावातलं जुनं घर तुम्ही थेट मालकाकडून घेता, तेव्हा ही हमी नसते. तिथे संकोच सोडून पाहणं हीच तुमची हमी.

म्हणून सरळ विचारा, "काका, नळ आणि फ्लश चालवून बघू का?" घर विकायला काढलेला माणूस या प्रश्नाचा राग मानत नाही. मानलाच, तर त्यातूनही तुम्हाला काही कळतं.

पाच मिनिटांची तपासणी

१. नळ आणि फ्लश एकत्र चालवा. एक चालू केल्यावर दुसऱ्याची धार अगदी बारीक होते का, ते पाहा.

२. फ्लश केल्यावर भांडं एका दमात साफ होतं का? पाणी वर चढून हळूहळू उतरत असेल तर लाइन तुंबलेली असू शकते किंवा टाकं भरलेलं असू शकतं.

३. न्हाणीत बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे वाहायला हवं. कोपऱ्यात साचलं तर उतार चुकलाय.

४. वास घ्या. घर बरेच दिवस बंद असेल तर जाळीखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सुकतं आणि वास येतो. एक मग पाणी ओता आणि निघताना पुन्हा पाहा. तरीही वास येत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

५. बाथरूमच्या भिंतीची मागची बाजू पाहा. ओल, पोपडे किंवा फक्त तेवढ्याच भागाला दिलेला नवा रंग दिसला तर कारण विचारा.

६. मे महिन्यात पाणी कुठून येतं, हे मालकाला आणि शेजाऱ्यालाही विचारा. नळ, विहीर, बोअर यांतलं उन्हाळ्यात नेमकं काय चालतं?

टाकं कुठे आहे?

गावात भुयारी गटार नसेल तर सगळं संडासच्या टाक्यावर किंवा शोषखड्ड्यावर अवलंबून असतं. म्हणून एवढं विचाराच : टाकं नेमकं कुठे आहे? शेवटचं कधी उपसलं? उपसणारी गाडी तिथपर्यंत पोहोचते का? जास्तीचं पाणी शोषखड्ड्यात जातं की उघड्या नालीत? विहीर किंवा बोअर किती अंतरावर आहे? हे अंतर १० ते १५ मीटर तरी असलेलं बरं.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर सध्या कोणता खड्डा चालू आहे ते विचारा. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवतात आणि पहिला साधारण दीड-दोन वर्षं बंद ठेवतात. तेवढ्यात आतल्या मैल्याचं खत होतं.

भंडारा हा भाताचा जिल्हा. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरलेली असते, तेव्हा शोषखड्डा पाणी नीट शोषत नाही आणि संडास तुंबू शकतो. उन्हाळ्यात घर पाहिलं असेल तर "पावसाळ्यात कसं असतं?" हा प्रश्न विसरू नका.

एक सूचना मात्र पक्की लक्षात ठेवा : टाक्याचं झाकण स्वतः उघडून वाकून पाहू नका. आत विषारी वायू साचलेले असतात. सफाईसाठी कुणालाही आत उतरवायचं नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय टाक्यात माणूस उतरवायला बंदी आहे.

घर विकणाऱ्यांनी काय करावं?

पाहुणे येणार असतील त्या दिवशी बादली भरून ठेवा, साबण ठेवा, आतून कडी नीट लागते का पाहा. काही बंद असेल तर आधीच सांगा. दागिने, औषधं, खाजगी वस्तू आत हलवा. आणि कुणी विचारायच्या आधी तुम्हीच म्हणा, "लांबून आलात, हातपाय धुवायचे असतील तर इकडे आहे."

आलेला माणूस कोणत्या समाजाचा आहे हे पाहून "पाणी नाही" असं सांगणं हा शिष्टाचार नाही, तो भेदभाव आहे. ज्याचे पैसे चालतात, त्याने संडास वापरलेला का चालू नये?

आईचं मत विचारा

आता पुन्हा कोंढ्याच्या त्या घरात जाऊ. आई बाथरूमला जाऊन आली. गाडीत बसल्यावर तिला विचारा, पायरी उंच होती का? धरायला काही होतं का? फरशी घसरडी होती का? इंडियन भांड्यावरून उठताना गुडघ्यांना त्रास झाला का? पावसाळ्यात रात्री दोन वाजता, लाइट गेलेली असताना, ती अंगण ओलांडून तिथपर्यंत जाऊ शकेल का?

यातलं काहीही सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर लिहिलेलं नसतं. ते एकदा वापरूनच कळतं. कमोड बसवायचा असेल, टाकं उपसायचं असेल, ओल काढायची असेल, तर त्याचा खर्च प्लंबर किंवा मिस्त्रीला विचारून ठेवा आणि इसार देण्याआधी किमतीच्या बोलणीत मांडा. इसार पावतीवर सही झाल्यावर हीच गोष्ट काढली तर तिचं भांडण होतं.

घर बघायला गेल्यावर देव्हाऱ्याची दिशा आपण मोकळेपणाने विचारतो. संडासबद्दलही तेवढ्याच मोकळेपणाने विचारा.