मुळशीच्या डोक्यावरून आलेला स्फोट

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे आयटीतल्या निम्म्या जनतेला ठाऊकच नसतं. मुळशी म्हटलं की धरण, ताम्हिणी, पावसातली भजी आणि फार तर सेनापती बापट. प्रत्यक्षात कार्ड स्वाइप करून आपण रोज मुळशीतच शिरतो, फक्त कचेरी पौडला आहे म्हणून कळत नाही. सांगायचं कारण असं, की आजवर नोंदला गेलेला सगळ्यात तेजस्वी गॅमा किरण स्फोट जवळजवळ या तालुक्याच्या डोक्यावरून आला होता, आणि तेव्हा आपण दूध आटवत होतो.

9 ऑक्टोबर 2022. रविवार, वर कोजागिरी. संध्याकाळचे 6 वाजून 46 मिनिटं. शर तारकासमूहाच्या दिशेने, श्रवण ताऱ्याच्या थोडं उत्तरेला, सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालेले गॅमा किरण पृथ्वीवर येऊन थडकले. मी सहज हिशेब मांडला. त्या क्षणी तो बिंदू दीवच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या बरोबर माथ्यावर होता. मुळशी धरणाच्या भिंतीवर उभं राहून सरळ वर पाहिलं असतं तर जेमतेम तीन अंशांचा फरक.

दिसलं मात्र काहीच नसतं. आपलं वातावरण गॅमा किरण गिळून टाकतं (म्हणूनच आपण आहोत!). पण वातावरणाच्या वरच्या, आयनांच्या थरात त्या स्फोटाने खळबळ उडवली आणि ती रेडिओ उपकरणांनी पकडली. नासाच्या फर्मी दुर्बिणीचे डिटेक्टर तर अक्षरशः तुंबले. स्विफ्ट या दुसऱ्या दुर्बिणीला तासाभराने फक्त मागे उरलेली धग दिसली, आणि आधी तिला वाटलं की हे आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी आहे.

या स्फोटाचं नाव जीआरबी 221009ए. म्हणजे साल, महिना, दिवस. दोन आकडी साल! वायटूकेचा धडा खगोलशास्त्रज्ञांपर्यंत पोचलेला दिसत नाही :)

गॅमा स्फोटांचा शोधच मुळी हेरगिरीतून लागला. 1963 च्या अणुचाचणीबंदी करारानंतर रशिया चोरून अवकाशात बॉम्ब फोडतोय का, हे बघायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले. 2 जुलै 1967 ला त्यांनी एक स्फोट टिपला, पण तो बॉम्बसारखा दिसत नव्हता. क्लेबेसाडेल आणि ओल्सन यांना तो सापडला नंतर, साठलेली आकडेवारी चाळताना. वेगवेगळ्या उपग्रहांवर संकेत पोचायच्या वेळेतला फरक मोजून त्यांनी दिशा काढली. ना सूर्य, ना पृथ्वी. 1973 मध्ये अशा 16 स्फोटांवरचा लेख छापून आला. पुढची चोवीस वर्षं हे स्फोट जवळचे की लांबचे यावर नुसती भांडणं. 1997 मध्ये बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहामुळे मागे राहिलेली धग सापडली आणि ते अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे निघाले.

आता पुण्याकडे येऊ. 28 सप्टेंबर 2015 ला इस्रोने ॲस्ट्रोसॅट सोडला. त्यावरच्या पाच उपकरणांपैकी एक सीझेडटीआय, म्हणजे कॅडमियम झिंक टेल्युराइडचा कॅमेरा. मुंबईच्या टीआयएफआरने इतर संस्थांना सोबत घेऊन तो बांधला, आणि त्याची आकडेवारी येते गणेशखिंडीत, आयुकामध्ये. 64 डिटेक्टर, एकूण 16,384 पिक्सेल. फोनच्या कॅमेऱ्यापुढे हा आकडा हास्यास्पद आहे, पण इथे प्रत्येक फोटॉनची वेगळी नोंद होते: कुठल्या पिक्सेलवर, किती ऊर्जेचा आणि 20 मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक वेळ. म्हणजे चित्र नाहीच, एक अवाढव्य लॉग फाइल.

खरी गंमत पुढे आहे. हा कॅमेरा बघतो आकाशाच्या चारपाच अंशांच्या तुकड्याकडे. पण साधारण 100 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे किरण त्याच्या भिंतींतून आरपार जातात. त्यामुळे पृथ्वीआड नसलेलं सगळंच आकाश त्याला धूसर का होईना, दिसतं. 6 ऑक्टोबर 2015 ला उपकरण सुरू केलं आणि त्याच दिवशी, रोखलेल्या दिशेपासून सुमारे 60 अंशांवर, पहिला गॅमा स्फोट सापडला. गळकी भिंत हे एक फीचर ठरलं!

याचा कस लागला जानेवारी 2017 मध्ये. 4 तारखेला लायगोने दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या. त्याच पट्ट्यात हवाईच्या ॲटलास दुर्बिणीला झपाट्याने विझत जाणारा एक प्रकाशबिंदू दिसला. कृष्णविवरं आदळली की प्रकाश पडत नाही असं पुस्तक म्हणतं. हे दोन्ही एकच निघाले असते तर पुस्तक बदलावं लागलं असतं, आणि अशा वेळी "हो" म्हणायचा मोह किती असेल विचार करा. सीझेडटीआयला त्या पट्ट्याचा सुमारे निम्मा भाग दिसत होता. लहरींच्या क्षणी लॉगमध्ये काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी, 5 तारखेला, एक गॅमा स्फोट होता! चीनच्या पोलार उपकरणानेही तो पाहिला होता. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तो विझणारा बिंदू या दुसऱ्याच स्फोटाची धग आहे. एका सनसनाटी बातमीला पुण्या-मुंबईच्या आकडेवारीने टाचणी लावली. मला हे काम नव्या शोधापेक्षा कमी मोलाचं वाटत नाही.

2022 मध्ये सीझेडटीआयचा पाचशेवा स्फोट नोंदला गेला. कोजागिरीचाही त्याने टिपलाच. उपग्रहाचं ठरलेलं आयुष्य पाच वर्षांचं, 2025 मध्ये दहा पूर्ण झाली.

सगळ्यात अवघड मोजमाप ध्रुवणाचं. फोटॉन एका पिक्सेलवर आपटून शेजारच्या पिक्सेलमध्ये उडाला, तर उडण्याच्या दिशांचा कल बघून मूळ किरणांचं ध्रुवण कळतं, आणि त्यावरून स्फोटाच्या झोतातल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज. पाच वर्षांतल्या 20 तेजस्वी स्फोटांचा असा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. जेमतेम पाव स्फोटांत ध्रुवण दिसलं. बाकीच्यांत का नाही? एक शक्यता अशी, की स्फोट चालू असतानाच ध्रुवणाची दिशा फिरते आणि बेरजेत सगळं शून्य होतं. ते तपासायचं तर एकाच स्फोटाचे वेळेनुसार तुकडे पाडायला हवेत, आणि त्यासाठी फोटॉन पुरत नाहीत.

म्हणून दक्ष नावाचा प्रस्ताव आहे: दोन उपग्रह, पृथ्वीच्या दोन बाजूंना, म्हणजे एकाच्या आड पृथ्वी आली तरी दुसरा जागा.