मिशनदान
ख्रिस्ती धर्मकार्यासाठी, विशेषतः दूरच्या मिशनांसाठी, श्रद्धावंतांनी नियमितपणे दिलेले दान. जुन्या करारातील दशांश लेवी वंशाच्या उपजीविकेसाठी होता. ख्रिस्ती माणसाला तो बंधनकारक आहे की नाही, यावर पंथोपंथी मतभेद आहेत. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे रक्कम बाजूला काढायला सांगितले. मात्र ती वर्गणी यरुशलेममधील गरिबांसाठी होती, हे प्रवचनांत बरेचदा निसटते. मिशनला खरा जवळचा दाखला फिलिप्पै येथील मंडळीचा : पौल थेस्सलनीकात असताना त्यांनी त्याच्या गरजेसाठी वारंवार मदत पाठवली.

इंग्लंडमधील केटरिंग येथे २ ऑक्टोबर १७९२ रोजी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. जमलेल्या मूठभर लोकांनी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स देण्याचे कबूल केले. कबूल केलेल्या आकड्यांच्या चिठ्ठ्या गोळा झाल्या त्या तपकिरीच्या डबीत. पुढच्याच वर्षी सोसायटीचा मिशनरी विल्यम केरी बंगालात पोहोचला. मराठी नव्या कराराचे बंगालातील श्रीरामपूरला झालेले मुद्रण याच मिशनचे.

मिझोराममध्ये रोख पैसा दुर्मीळ होता. म्हणून तेथील ख्रिस्ती बायका १९१० पासून दानासाठी प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ वेगळे काढू लागल्या. साठलेले तांदूळ मंडळी गोळा करून विकते. ‘बुहफाई थाम’ नावाची ही प्रथा आजही चालू आहे.