हळदीचा पुरावा : तोंडी ज्ञान आणि पेटंटचा कायदा

पेटंटचा विषय निघाला की आपल्याकडे हळदीची गोष्ट हमखास निघते. अमेरिकेने आपल्या हळदीवर पेटंट घेतलं, आपण लढलो आणि हळद परत आणली, अशी ती सांगितली जाते. ऐकायला छान वाटतं. पण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण ती गोष्ट जरा उलगडून पाहू. कारण जो प्रश्न तिथे उभा राहिला, त्याचं उत्तर जग अजून शोधतं आहे.

आधी नेमकं काय घडलं ते पाहू. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट दिलं. ते हळदीच्या रोपावर नव्हतं. जखम भरून यावी म्हणून हळदीची पूड पोटात घेणं किंवा जखमेवर लावणं, या वापरावर होतं. पेटंट ज्या देशाचं, त्या देशातच चालतं. त्यामुळे सांगलीत कुणी कापलेल्या बोटावर हळद दाबली, तर तिच्यावर कुणी दावा लावणार नव्हतं.

मग बिघडलं काय? पेटंट हा मुळात एक सौदा आहे. तुम्ही जगाला नवीन काहीतरी सांगा, त्या बदल्यात काही वर्षं त्याचा मक्ता तुमचा. सांगितलेलं नवीन नसेल, तर सौदाच खोटा. आणि गंमत अशी की, भारतात हळद पारंपरिक औषध म्हणून फार पूर्वीपासून मुरगळण्यावर आणि सुजेवर वापरतात, हे त्या पेटंटच्या मजकुरातच लिहिलेलं होतं. म्हणजे भारताचं नाव लपवलेलं नव्हतं. तरीही पेटंट मिळालं.

ते का मिळालं, हे समजायला तेव्हाचा अमेरिकी कायदा पाहावा लागतो. एखादी गोष्ट अमेरिकेत कुणाला माहीत असेल किंवा कुणी वापरत असेल, तर ती जुनी ठरायची. परदेशातली मात्र तिथे तिचं पेटंट असेल किंवा ती छापून आलेली असेल, तरच जुनी. ही विभागणी १८३६ च्या कायद्यापासून चालत आली होती. शिडाच्या जहाजांच्या काळात दूरदेशी कोण काय वापरतं याची खात्री करणं अवघड होतं. छापील कागद मात्र आणून वाचता यायचा. त्या काळापुरतं हे समजण्यासारखं होतं. पण विसाव्या शतकाच्या शेवटीही कोट्यवधी घरांतली रोजची सवय या कलमापुढे शून्य ठरत होती.

भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, १९९६ मध्ये या पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यात संस्कृत, हिंदी, उर्दूतले जुने मजकूर होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने दावे नाकारले.

आपण जिंकलो, हे खरंच. पण जिंकलं कोण? कागद जिंकला. आजीचा शब्द तिथे उभाच राहू शकत नव्हता.

युरोपात जरा वेगळं घडलं. कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना युरोपीय पेटंट मिळालं होतं. वंदना शिवा, युरोपीय संसदेतला ग्रीन गट आणि सेंद्रिय शेतीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याला हरकत घेतली. युरोपच्या कायद्यात कुठल्याही देशातला उघड वापर पुरावा म्हणून चालतो, मग तो तोंडी सांगितलेला का असेना. त्यामुळे पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर १९८५ आणि १९८६ मध्ये झालेल्या चाचण्यांची साक्ष म्युनिकमध्ये ऐकली गेली. २०००मध्ये पेटंट रद्द झालं आणि २००५मध्ये त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं. पण सारा झगडा सुमारे दहा वर्षं चालला. प्रत्येक झाडपाल्यासाठी दहा वर्षं कोण लढणार?

म्हणून भारताने २००१मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारायला घेतलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आणली. पेटंट तपासनिसाला ती वाचता यावी, हा हेतू. युरोपीय पेटंट कार्यालयाला २००९मध्ये ती पाहायला मिळाली, तीही गोपनीयतेच्या अटीवर. अट अशासाठी की उघड छापलं तर पेटंट अडेल, पण ज्ञान सगळ्यांच्या हाती जाईल. आणि लिहिलंच नाही, तर ते आपलं होतं हे सांगायला काही उरणार नाही. ज्यांचं ज्ञान कुठल्याच ग्रंथात नाही, अशा आदिवासी वैदूंची अडचण तर याहून मोठी.

अमेरिकेनेही पुढे कायदा बदलला. मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना जगात कुठेही लोकांसमोर असलेली गोष्ट जुनी मानली जाते. आणि २४ मे २०२४ रोजी जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी एक करार संमत केला. याची बोलणी पंचवीस वर्षांपूर्वी कोलंबियाच्या प्रस्तावापासून सुरू झाली होती. शोध एखाद्या वनस्पतीवर किंवा इतर जनुकीय संसाधनावर आधारलेला असेल, तर ते मूळ कुठल्या देशातलं हे अर्जदाराने सांगायचं. संबंधित पारंपरिक ज्ञानावर आधारलेला असेल, तर ते ज्या समाजाने दिलं त्याचं नाव सांगायचं. पंधरा देशांनी मान्यता दिली की तीन महिन्यांनी करार लागू होतो. भारताच्या पेटंट कायद्यात जैविक सामग्रीचा स्रोत सांगण्याची अट २००२च्या दुरुस्तीपासूनच आहे.

आता हळदीच्या पेटंटकडे पुन्हा एकदा पाहू. भारताचं नाव त्यात होतंच, तरी पेटंट मिळालं होतं. नव्या करारात, नाव सांगितलं नाही एवढ्याच कारणाने पेटंट रद्द करता येत नाही. फसवणुकीचा हेतू असेल तरच देशांना आपल्या कायद्याने तशी कारवाई करण्याची मुभा आहे. नफ्यात वाटा द्यायचं बंधनही हा करार घालत नाही. तेव्हा नाव सांगणं ही पहिली पायरी झाली. ज्याचं नाव सांगितलं, त्याचं म्हणणं ऐकलं जाईलच असं नाही.

आणि आपलं काम काय? आपल्या घरात, गावात, पाड्यावर जे माहीत आहे, ते कुणाकडून आलं हे विचारायला आपण शिकू या. लिहायचं ठरलं, तर सांगणाऱ्याला विचारून लिहू या आणि त्याचं नाव सगळ्यात आधी लिहू या. इथे थांबतो.